तरुण शास्त्रज्ञांचं जैवसुरक्षा-प्रशिक्षण : २००१ च्या मसुद्यासोबत काय बुडालं

विकसनशील देशांतल्या तरुण जीवशास्त्रज्ञांना जैवसुरक्षेच्या, म्हणजे रोगजंतूंचा गैरवापर रोखण्याच्या, आंतरराष्ट्रीय वाटाघाटी शिकवणाऱ्या कार्यशाळा २०१९ पासून जिनिव्हात होऊ लागल्या. त्यांचं कौतुक नवी कल्पना म्हणून होतं. पण असं प्रशिक्षण करारबद्ध करण्याची तजवीज २००१ मध्येच कागदावर आली होती, आणि ती ज्या पद्धतीने बारगळली ते समजून घेतल्याशिवाय आजचे कार्यक्रम इतके तुटपुंजे का आहेत हे कळत नाही.

१९७२ च्या जैविक अस्त्रबंदी कराराची मूळ उणीव जुनीच आहे: बंदी आहे, पण ती पाळली जाते का हे तपासायची सोय नाही. सोव्हिएत संघाने सही करूनही अस्त्रांचा कार्यक्रम चालूच ठेवला. १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्कला लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत सुटले आणि साठाहून अधिक माणसं दगावली.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९५ पासून जिनिव्हात पूरक मसुद्यावर वाटाघाटी सुरू झाल्या. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा, अशी तिथली रीत. कंसात कंस, त्यात आणखी एक कंस, अशी वाक्यं वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिली. अखेर २००१ च्या वसंतात वाटाघाटींच्या अध्यक्षांनी कंस काढून दोनशेहून अधिक पानांचा तडजोडीचा मसुदा मांडला. २५ जुलैला अमेरिकेने तो फेटाळला. जीवशास्त्रात अशी तपासणी विश्वासार्ह ठरू शकत नाही, उलट औषध कंपन्यांची गुपितं आणि संरक्षण-संशोधन उघडं पडेल, हा तिचा मुद्दा. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. जी टाकी लस बनवते तीच जंतूही वाढवू शकते. निर्यात-नियंत्रणं हटवावीत म्हणून अडून बसलेले काही विकसनशील देशही त्या मसुद्यावर नाखूशच होते. तरीही सहा वर्षांची मेहनत एका भाषणात निकालात काढण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

या घटनेबद्दल लिहिताना सगळे तपासणी गेली म्हणून हळहळतात. त्याच मसुद्यात वैज्ञानिक देवाणघेवाण, प्रशिक्षण आणि त्यासाठी सहकार्य समिती यांचं आख्खं कलम होतं, ते मात्र कुणाला आठवत नाही. मूळ कराराच्या दहाव्या कलमात शांततामय सहकार्याचं आश्वासन आहे. भारतासह अलिप्त देश त्याचा आग्रह सतत धरत आले. त्या आश्वासनाला हातपाय देणारी तरतूद मसुद्यासोबतच बुडाली.

पुढे तपासणीच्या जागी चर्चा आल्या. २००५ मध्ये शास्त्रज्ञांच्या आचारसंहिता, २००८ मध्ये शिक्षण आणि जागृती. म्हणजे देशांनी टाळलेली जबाबदारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या विवेकावर येऊन पडली. पण हे नियम ठरवणाऱ्या खोलीत आफ्रिका आणि आशियातले शास्त्रज्ञ फारसे नसायचेच; शिष्टमंडळाचा प्रवासखर्चच परवडत नसे. त्यासाठी प्रायोजकत्वाची सोय २०११ मध्ये झाली.

दरम्यान इंडोनेशियाने २००७ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने परदेशी पाठवणं थांबवलं होतं. नमुने आम्ही द्यायचे आणि त्यांवर बनलेली लस आम्हालाच परवडायची नाही, ही तक्रार रास्त होती. आदल्याच वर्षी नवापूरच्या पोल्ट्रीफार्मांतून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे तरी ती समजायला जड जाऊ नये. साथ जिथे आधी दिसते तिथला माणूस वाटाघाटीच्या टेबलाशीही असावा, या मागणीला तेव्हापासून बळ आलं.

२०१९ च्या कार्यशाळा युरोपीय पैशावर उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये चीनमधल्या तिआनजिनला तयार झालेल्या शास्त्रज्ञांच्या आचारसंहितेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रशिक्षणाला विषय पुरवला. डिसेंबर २०२२ मध्ये सदस्य देशांनी करार बळकट करण्यासाठी कार्यगट नेमला आणि सहकार्याची कायमस्वरूपी यंत्रणा पुन्हा चर्चेत आली. डिसेंबर २०२४ च्या बैठकीतही त्यावर एकमत झालं नाही. रासायनिक अस्त्रबंदीसाठी हेगमध्ये शेकडो कर्मचारी आहेत. जैविक कराराचं कार्यालय मोजक्या माणसांवर चालतं, आणि तरुण शास्त्रज्ञांचं प्रशिक्षण देणगीदारांच्या मुदतबंद प्रकल्पांवर.