शेबँग ओळ

शेबँग ओळ : स्क्रिप्ट फाइलची # आणि ! या दोन चिन्हांनी सुरू होणारी पहिली ओळ. स्क्रिप्ट कोणत्या इंटरप्रिटरकडे (ती वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवायची त्याचा पूर्ण पत्ता (पाथ) या चिन्हांपुढे लिहितात. लिहिणारे तिला कॉमेंट (न चालवली जाणारी टीप) समजतात आणि शेलपुरते, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमपुरते, ते खरेही आहे. पण ती वाचतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. हा गाभा आणि चार ओळींची शेल स्क्रिप्ट यांची समोरासमोर गाठ पडते ती इथे.

डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये बेल लॅब्जच्या यूनिक्स कर्नलमध्ये ही सोय घातली. त्याआधी स्क्रिप्ट ओळखणे आणि चालवणे ही सगळी शेलची जबाबदारी होती. मुंबईत यूनिक्सची वहिवाट रुजली ती त्याच दशकात. जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था १९८५ मध्ये टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेतल्या केंद्रातून उभी राहिली (पुढे ती सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली), आणि दशकाच्या उत्तरार्धात ती व पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवरून यूयूसीपी (यूनिक्स यंत्रांमधल्या देवाणघेवाणीची जुनी पद्धत) ईमेल सुरू झाली.

कर्नलचे काम : एक्झेक हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅम सुरू करण्याची कर्नलकडची मागणी) आला की कर्नल फाइलच्या सुरुवातीचे थोडे बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) घेतो. पहिले दोन ३५ आणि ३३ असले, म्हणजे # आणि ! यांचे आस्की या संकेतपद्धतीतले क्रमांक, तर ती स्क्रिप्ट. दादरच्या फलाटावरचा माणूस इंडिकेटरवर गाडीचे अक्षर आणि जलद की धीमी एवढेच बघून चढतो, तसेच हे. फाइलच्या नावाला शेवटी काय जोडले आहे याच्याशी कर्नलला कर्तव्य नाही. मग तो इंटरप्रिटर सुरू करतो आणि स्क्रिप्टचा पत्ता त्याच्या हाती देतो. लिनक्समध्ये हे करणारी फाइल जेमतेम दीडशे ओळींची आहे. कर्नलचा कोड कुठून वाचायला घ्यावा असे विचारणाऱ्याला शेड्यूलरऐवजी (प्रोग्रॅमच्या पाळ्या लावणाऱ्या भागाऐवजी) हीच दाखवावी.

पत्त्यानंतरचे सारे शब्द लिनक्स एकच आर्ग्युमेंट (प्रोग्रॅमला पुरवलेली माहिती) म्हणून पुढे देतो. त्यामुळे 'एन्व्ह' या, नावावरून प्रोग्रॅम शोधून चालवणाऱ्या आज्ञेपुढे इंटरप्रिटर आणि त्याचा एखादा पर्याय लिहिला, तर 'एन्व्ह' तेवढ्या लांब नावाचा एकच प्रोग्रॅम शोधू लागतो. स्क्रिप्टवर लावलेला सेटयूआयडी बिट (चालवणाऱ्याला फाइलच्या मालकाचे अधिकार देणारी खूण) लिनक्स मानत नाही. कारण कर्नलने फाइल उघडणे आणि इंटरप्रिटरने तीच नावाने पुन्हा उघडणे, या दोहोंच्या फटीत कुणी लिंक (फाइलकडे नेणारे दुसरे नाव) बदलून भलतीच फाइल सरकवू शकतो.

नेहमीचे घोटाळे : कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली की ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोज ओळ संपवताना जोडते ते न दिसणारे चिन्ह) येतो. कर्नल तो इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो आणि 'फाइल सापडत नाही' म्हणतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते! दुसरा घोटाळा मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांच्या वाट्याला जास्त येई. २०१९ पूर्वीचे नोटपॅड यूटीएफ-८ (मराठी अक्षरेही साठवणारी संकेतपद्धती) फाइलच्या आरंभी बॉम या खुणेचे ३ बाइट टाकत असे. मग पहिला बाइट ३५ उरत नाही. टर्मिनलवर बॅश हा शेल पहिल्या ओळीवर कुरकुर करून स्क्रिप्ट स्वतःच चालवतो, म्हणून दोष लपतो. तीच सिस्टिमडी या पार्श्वभूमीतल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची सर्व्हिस म्हणून लावली की सुरूच होत नाही. शेबँग लिहायची राहिली तरी हेच.

लांबीची मर्यादा : लिनक्स पूर्वी शेबँग ओळीचा १२७ बाइटपुढचा भाग मुकाट्याने कापून टाकी. २०१९ मध्ये ५.० आवृत्तीच्या तयारीत अशी लांब ओळ थेट नाकारण्याचा बदल आला आणि निक्सओएस या लिनक्सच्या प्रकारावरच्या पर्ल भाषेतल्या स्क्रिप्ट बंद पडल्या. पर्ल ती ओळ स्वतः पुन्हा वाचतो, त्यामुळे कर्नलच्या कापाकापीने तोवर त्यांचे काही अडले नव्हते. लिनक्सचे जनक लायनस टॉरवॉल्ड्स यांनी बदल मागे घेतला, ५.१ पासून मर्यादा २५५ बाइट झाली.

मोजणी अक्षरांची नसून बाइटांची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. 'मुंबई' १५ बाइट, 'घाटकोपर' २१. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' नावाचा फोल्डर एकटाच ८१ बाइट खातो. पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती वेगळी पायथनची मांडणी) आपल्या इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ता शेबँगमध्ये लिहिते, म्हणून हा हिशेब निव्वळ कागदी नाही. पत्ता लांब असला किंवा त्यात मोकळी जागा असली तर पिप (पायथनची पॅकेजे बसवणारी आज्ञा) त्याऐवजी साध्या शेलची शेबँग लिहून वळसा घालते. हाताने लिहिणाऱ्याला मात्र ते भान स्वतः ठेवावे लागते, कारण कर्नल पत्ता पहिल्या मोकळ्या जागेपाशी तोडतो : फोल्डरचे नाव 'लोअर परळ' असेल, तर तो 'लोअर'लाच उतरतो.