स्क्रू उघडला म्हणजे ओरिजनल गेलं? नाही हो

आपल्या नांदेड-लातूरकडं जुनी मशिनं जमवणाऱ्यांत एक गोष्ट कायम फिरते, की कॉम्प्युटर ओरिजनल पाहिजे तर आतला स्क्रूसुद्धा हलवायचा नाही, नाहीतर भाव गेला. अर्धवट खरंय हे. केस, कीबोर्ड, मदरबोर्ड आहे तसाच ठेवा, मान्य, पण पॉवर सप्लायला (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याला) हाच नियम लावला की घोटाळा.

१९८४ च्या क्लास योजनेत (शाळेत कॉम्प्युटर शिकवायची योजना) सरकारनं शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर दिले होते, त्यातला एखादा भंगारात हाती लागला तर लगेच प्लग लावू नका राव. बहुतेकांच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे पार्ट) असतात, वरच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात, आतला कागद हवेतली ओल ओढतो आणि करंट दिला की फट्‌! मग घरभर घाण वासाचा धूर. मशीन बहुतेक वेळा वाचतं, कारण तो नुसता लाइनमधली गडबड गाळणाऱ्या फिल्टरचा पार्ट. चांगल्या मेकॅनिककडून (स्वतः सप्लाय उघडायच्या भानगडीत पडू नका, आत जबर व्होल्टेज साठून राहतं) त्याच व्हॅल्यूचे एक्स-टू रेटिंगवाले (थेट मेन लाइनवर लावायचे सेफ्टीवाले) कपॅसिटर बसवून घ्या, जुने पाकिटात घालून मशीनसोबत ठेवा. जाणकार गिऱ्हाईक तर आधी हेच विचारतं, कपॅसिटर बदलले का?