परदेशी दत्तक: खर्च आणि प्रवासाचे नियम कुठून आले

गोव्यात दत्तकाचा प्रश्न अलीकडे एका वेगळ्याच वाटेने परदेशाशी जोडला गेला आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली, इंग्लंडमधल्या स्विंडनला किंवा लंडनच्या आसपास स्थिरावलेली गोमंतकीय जोडपी मूल दत्तक घ्यायचे ठरवतात तेव्हा साहजिकच गोव्याकडे वळतात. घर इथे, आईवडील इथे, चतुर्थीला येणेजाणे चालू. पण परकीय पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपते, आणि कायद्याच्या लेखी हे जोडपे परदेशी दत्तकाच्या रांगेत जाते. मूल सख्ख्या भावाचे असले तरी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे, म्हणजे 'कारा'चे, ना-हरकत पत्र लागतेच. मग डॉलरमधली फी, दिल्लीच्या फेऱ्या, कागदांची थप्पी. 'आपल्याच माणसांना एवढा त्रास का?' हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासातला काही भाग गोव्याचाच आहे.

अनाथ मुलावर हक्क कोणाचा, हा वाद इथे साडेचारशे वर्षे जुना आहे. सोळाव्या शतकात लिस्बनहून 'राजाच्या अनाथ मुली' जहाजाने गोव्यात आणल्या जात आणि इथल्या पोर्तुगीजांशी त्यांची लग्ने लावली जात. उलट बाजूने, १५५९ च्या राजाज्ञेने आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी कोणीच न उरलेली हिंदू मुले सेंट पॉल कॉलेजच्या जेझुइटांच्या, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या, हवाली करायचे ठरले. पुढे तर नुसता बाप गेला, आई जिवंत असली, तरी मूल अनाथ धरले जाऊ लागले. नातेवाईक मुलांना लपवून ठेवत, नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या फोंड्यात, पोहोचवत. मूल 'अनाथ' आहे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच संस्थेला ते मूल मिळणार असेल तर काय होते, हे गोव्याने फार लवकर पाहिले.

कायद्यातले दत्तक मात्र इथे वेगळ्या मार्गाने आले. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाला जागाच नव्हती. हिंदूंच्या रूढींसाठी १६ डिसेंबर १८८० चा स्वतंत्र हुकूम निघाला, त्यात दत्तक मान्य झाले. उरलेल्या भारतात परदेशी जोडप्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार होता. न्यायालयातून पालकत्व घ्यायचे, मूल बाहेर न्यायचे आणि दत्तकविधी त्यांच्या देशात करायचा, अशी ती पद्धत. मधल्या काळात मूल ना इकडचे, ना तिकडचे.

त्या काळी प्रवास करायचे ते मूलच. अनेकदा पालक घरी थांबत आणि एखादा सोबती मुलाला विमानाने नेऊन पोहोचवी. ॲडव्होकेट लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले ते याच संदर्भात: लांबच्या, जिवावर बेतणाऱ्या प्रवासाला मुलांना लावले जाते, आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांचे काय होते हे कोणी विचारत नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचा ६ फेब्रुवारी १९८४ चा निकाल ही या साऱ्या व्यवस्थेची पायाभरणी. परदेशी अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा, पालकांच्या घराची तपासणी व्हावी, आधी भारतीय कुटुंब शोधावे, आणि संस्थेला खर्च वसूल करता येईल पण त्यालाही मर्यादा असेल, हे सगळे तिथून सुरू झाले. 'कारा' १९९० मध्ये उभी राहिली ती या निकालामुळेच.

गोव्याला जाग यायला स्वतःचीच जखम लागली. मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला. परदेशी ग्राहकांसाठी तो मुलांचे लैंगिक शोषण करत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. ते प्रकरण दत्तकाचे नव्हते, पण आश्रमातल्या मुलाची नोंद कुठेच नसेल तर त्याच्यापर्यंत कोणीही पोहोचू शकतो, हे त्यातून कळले. २००३ च्या गोवा बाल कायद्यात मुलांच्या विक्रीची व्याख्या करताना दत्तकासाठी होणाऱ्या विक्रीचाही स्पष्ट उल्लेख आहे. तो अनाठायी नव्हता. १९९९ आणि २००१ मध्ये आंध्र प्रदेशात लंबाडा (बंजारा) कुटुंबांच्या मुली थोड्या पैशांत घेऊन परदेशी दत्तकासाठी ठेवल्याचे उघड झाले होते.

परदेशी दत्तकाविषयीचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार भारतात १ ऑक्टोबर २००३ पासून लागू झाला. दत्तकातून कोणी गैरवाजवी पैसा मिळवू नये, फक्त खर्च आणि वाजवी मेहनताना घ्यावा, असे त्यातले ३२ वे कलम सांगते. म्हणूनच फीचे आकडे आज छापील आहेत: २०१७ च्या नियमावलीत परदेशातून दत्तक घेणाऱ्यांना बालसंगोपन निधीसाठी ५,००० डॉलर, तर भारतात राहणाऱ्या पालकांसाठी ४०,००० रुपये होते. हा फरक मोठा आहे, आणि लंडनच्या वेअरहाऊसमध्ये पाळ्या करणाऱ्या जोडप्याला तो जड जातो, हे मी नाकारत नाही. पण छापील आकड्यापलीकडे कोणी 'देणगी' मागितली तर ती बेकायदा आहे, हे त्या जोडप्याला ठामपणे सांगता येते. १९८४ पूर्वी हे सांगायला आधारच नव्हता.

वेळेचेही तसेच. सोडून दिलेले मूल दोन वर्षांखालचे असेल तर बाल कल्याण समितीला दोन महिन्यांत, मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे आहे की नाही हे ठरवावे लागते. त्याआधी जन्मदात्यांचा शोध घ्यायचा असतो. आईने स्वतः स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. मूल दत्तकासाठी मोकळे जाहीर झाल्यापासून साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही तरच मूल परदेशी यादीत येते, आणि त्या यादीतही भारतीय वंशाच्या जोडप्यांना प्राधान्य आहे. आदेश २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

प्रवास आता पालकांच्या वाट्याला आला आहे. मूल न्यायला त्यांनी स्वतः भारतात यावे, असा नियम आहे. प्रस्ताव स्वीकारण्याआधी येऊन मुलाला भेटण्याचीही मुभा आहे. दुसरे तिकीट परवडत नाही म्हणून ही पहिली भेट टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी यादीतली बरीच मुले वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा विशेष गरजा असलेली असतात. फोटो आणि वैद्यकीय अहवाल पाहून त्यांची ओळख होत नाही. वाचवायचेच असेल तर कागदांच्या फेऱ्यांत वाचवावे: पासपोर्टचे काम पणजीत होते, व्हिसासाठी मात्र आपल्या देशाचा दूतावास कुठे बोलावतो हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे. अमेरिकेसाठी ते दिल्लीतच होते.

घरी पोहोचल्यावरही दोन वर्षे अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. तिकडच्या संस्थेचे या भेटींचे शुल्क वेगळे असते. ते सुरुवातीलाच लेखी मागून घ्यावे. ती संस्था तोवर टिकेल का, हेही विचारावे. डेन्मार्कमधली एकमेव दत्तक संस्था २०२४ मध्ये हे काम थांबवून बसली, आणि नेदरलँड्सनेही त्याच वर्षी परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले.