पफ म्हणजे पूफ नव्हे

लग्नसराई आली की कुणीतरी लिहितंच, नवरीच्या डोक्यावरचा पफ हा मूळचा फ्रान्सच्या राणीचा, मारी आंत्वानेतचा. तिच्या डोक्यावर होता तो पूफ. पफ वेगळा.

पफ काय सांगायचा! पुढचे केस धरून कंगवा मुळांकडे उलटा मारायचा, गुंता फुगला की वरून एक गुळगुळीत थर ओढायचा, पिना, स्प्रे, झालं. फुग्याची बाही, पावडरच्या डबीतला मऊ गोळा, बेकरीतला व्हेज पफ, सगळीकडे इंग्रजीतून आलेला हाच शब्द. पूफ फ्रेंच. दोन्ही शब्द मुळात नुसता फुंकरीचा आवाज, आपल्या फूत्कारातही तोच ‘फू’ आहे. घोळ होतो तो या आवाजामुळेच.

पण पफ उभा राहतो हवेवर आणि पूफ भरणावर. नेमकं इथेच सगळे घसरतात. १७७४च्या पॅरिसातला पूफ म्हणजे आधी तारेचा सांगाडा, त्यावर विरविरीत कापड आणि घोड्याच्या केसांच्या गाद्या. बाईचे स्वतःचे केस त्यावरून चढवायचे, कमी पडले की खोटे जोडायचे, पोमेड म्हणजे केसांचं मलम चोपडून वर पावडर मारायची. आणि मग देखावा मांडायचा! म्हणून तर पूफ म्हटलं की लेओनार या केशभूषाकाराइतकंच रोझ बेर्तँचं नाव निघतं, आणि ती बाई केस करणारी नव्हे, टोप-झालरी विकणारी.

त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवीच्या रोगाने गेला. जूनमध्ये नव्या राजाने, मारीच्या नवऱ्याने, सोळाव्या लुईने देवी टोचून घेतली. इंग्रज डॉक्टर जेन्नरची लस यायला अजून बावीस वर्षं होती, तेव्हा खऱ्या देवीच्या फोडातला द्रवच टोचत. राजा निभावला आणि टोचणीचा पूफ निघाला: ऑलिव्हचं झाड, त्याला वैद्यकदेवतेच्या सापाचा विळखा, शेजारी उगवता सूर्य. उलट्या कंगव्याने हे होईल का? पार्लरवाली हल्ली आतून स्पंज सरकवते तेव्हा तिचा पफ जरासा पूफकडे झुकतो, एवढं मी मान्य करेन. साठच्या दशकातल्या शर्मिला टागोरांच्या केसांना मात्र कृपा करून यातलं काहीच म्हणू नका. तो बूफाँ, म्हणजे डोकंभर फुगवलेले केस, तोही फ्रेंचच, पण तिसराच शब्द.

भरण लक्षात ठेवलं की बसायच्या बैठकीलाही पूफ का म्हणतात हे कोडं आपोआप सुटतं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ठासून भरलेल्या, बिनपायांच्या गुबगुबीत आसनाला हेच नाव दिलं. मोरोक्कोची चामड्याची गोल बैठक त्याच नावाने विकली जाते. ऑटोमन ही तिच्यासारखीच दुसरी बैठक, तिचं नाव तुर्की साम्राज्यावरून पडलं, तिला बहुधा पाय असतात, कधी झाकणही. बस, इतकंच.

आपल्या फर्निचरवाल्यांनी पूफची ‘पफी’ केली. शब्द मला आवडतो, पण तो इंग्रजी ‘पफी’वरून आला असं सांगणाऱ्यांशी मी भांडतो. आमच्या घरची पफी चार बुटक्या पायांची, रेक्झिनची, झाकण उचललं की आत जुने दिवाळी अंक. म्हणजे खरं तर ऑटोमनच. रेक्झिन बदलायला माणूस आला तेव्हा मी हे सगळं आईला ऐकवलं. ती म्हणाली, “त्याला पफीच सांग, नाहीतर सोफ्याचं माप घेऊन जाईल.”