झोप येत नाही? मग अंथरुणात कमी वेळ काढा

रात्री पावणेतीनला मोबाईलमध्ये टाइम बघायचा आणि हिशोब करायचा, आत्ता जरी लागली तरी पावणेचार तास मिळतील, मग सव्वातीनला परत तोच हिशोब. हे ज्याने केलंय त्याला पुढचं लगेच कळेल.

एखाददुसरी रात्र तळमळत गेली म्हणजे निद्रानाश नव्हे. आठवड्यातून किमान 3 रात्री, असं 3 महिने, झोपायला पुरेसा वेळ असूनही झोप लागत नाही किंवा मधेच मोडते किंवा पहाटे 4 ला टक्क जाग येते आणि दिवसा त्याचा त्रास होतो, तेव्हा डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात. हे ओळखायची रक्ताची टेस्ट नाही. वायरी लावून रात्रभर करतात ती स्लीप स्टडीही सहसा लागत नाही, जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असलं काही असेल तरच. खरी कामाची गोष्ट म्हणजे 2 आठवडे साधी डायरी लिहायची, आडवे कधी झालो, अंदाजे कधी लागली, उठलो कधी.

आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडलेली गोष्ट मला फार आवडते. झोप उडते कशानेतरी, टेन्शन, आजारपण, काहीही, पण ते कारण संपल्यावरही ती उडालेलीच राहते आणि याला आपलेच उपाय जबाबदार असतात, म्हणजे लवकर आडवं होणं, सकाळी लोळत पडणं, दुपारी भरपाई करणं. समजा 10 ते 7 असे 9 तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या फक्त 61 टक्के. उपाय ऐकून धक्का बसतो: अंथरुणात साडेपाच तासच राहायचं! उठायचं रोज साडेसहाला म्हणजे झोपायला जायचं रात्री 1 वाजता. पहिला आठवडा बेकार जातो, खोटं कशाला सांगू, पण झोपेची भूक साठत जाते आणि झोप सलग लागायला लागते. हा टक्क्यांचा आकडा 85 च्या वर गेला की 15-15 मिनिटं वाढवायची. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर असणाऱ्यांनी किंवा गाडी चालवणं हेच काम असणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

जोडीला दुसरा नियम, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे मिटायला लागले की परत. नाहीतर मेंदूला सवय लागते की गादी म्हणजे जागरण. हे नियम ज्या थेरपीत येतात तिला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार, आणि 2016 पासून अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेची शिफारसही तीच आहे, आधी ही, गोळ्या नंतर.

गोळ्या काम करतात, पण काहींची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडायची भीती असते आणि झोल्पिडेमसारख्या गोळीवर तर काहीजण झोपेतच चालल्याचं, गाडी चालवल्याचं आढळल्यावर 2019 मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला कडक इशारा आला. आधीच रोज घेत असाल तर मात्र वाचून लगेच बंद करू नका, एकदम सोडली की झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.