कोसीचा पूर पाण्याचा नव्हता, गाळाचा होता

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा गावाजवळ कोसी नदीने पूर्वेकडचा तटबंध, म्हणजे पूर अडवायला काठाने घातलेला बांध, फोडला. तेव्हा नदीला पाणी होतं दीड लाख क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट) आसपास. तटबंध बांधला होता साडेनऊ लाखांसाठी! म्हणूनच या पुराला केवळ ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणणं मला पटत नाही.

कोसी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. सपाटीवर आली की वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, पात्र उथळ होतं आणि नदी शेजारची सखल वाट धरते. असं करत गेल्या दोन-अडीच शतकांत ती शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली. पसरलेल्या गाळावरच तिथली शेती उभी राहिली.

१९५४च्या भारत-नेपाळ करारानंतर नदीला दोन तटबंधांत कोंडलं. पाणी अडलं, पण गाळही आतच साचत गेला. हळूहळू नदीचा तळ बाहेरच्या शेतांपेक्षा उंच झाला. अशा ठिकाणी भगदाड पडलं की पाणी उताराने बाहेर पळतं आणि परत पात्रात येऊच शकत नाही. कुसहाला तेच झालं. पाण्याचा मोठा लोंढा पूर्वेकडच्या जुन्या, सोडून दिलेल्या प्रवाहमार्गांत शिरला.

त्या वाटेवर सुपौल, मधेपुरा, अररिया हे बिहारचे जिल्हे होते. तटबंधाच्या भरवशावर तिथे दोन पिढ्या वाढल्या होत्या. पुराची सवय मोडलेली, नावा मोजक्या, घरं सखलात. तीस लाखांवर लोकांना झळ बसली. पाणी ओसरल्यावर कित्येक शेतांत वाळूचा असा थर उरला, की त्यात भात लावणार कसा?

दोन तटबंधांच्या मधे अडकलेल्या शेकडो गावांची मात्र फार चर्चा होत नाही. बाहेरच्यांना वाचवायचं म्हणून त्यांच्या वाट्याला दरवर्षीचा पूर आला. पुनर्वसनाचं आश्वासन मिळालं, पण अनेकांना ते पदरात पडलंच नाही.

१९५४मध्ये बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर. पुढच्या चार दशकांत तटबंध तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि पूरप्रवण क्षेत्र जवळपास ६९ लाख हेक्टरवर पोहोचलं. सप्टेंबर २०२४मध्ये बीरपूरच्या बॅरेजमधून, म्हणजे कोसीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यातून, ६.६१ लाख क्युसेक पाणी सुटलं, १९६८नंतरचं सर्वाधिक. या वेळी तटबंध फुटला तो पश्चिमेला, दरभंगा जिल्ह्यात.