चर्चमध्ये लग्न लावायचे आहे? मराठवाड्यातील कॅथोलिक वधू-वरांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

मंगल कार्यालय ठरते, बँडवाल्याला इसार जातो, पत्रिका छापून येतात आणि मग फादरकडे जाणे होते. हा क्रम उलटा आहे. साखरपुडा ठरला की पहिली फेरी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या) कार्यालयात मारा, तारीख त्यानंतर. हाताशी किमान तीन महिने ठेवा. वधू किंवा वर दुसऱ्या धर्माचा असेल, किंवा नात्यातले लग्न असेल, तर चार ते पाच महिने.

लग्न कोणत्या चर्चमध्ये लागेल, हे आधी पाहावे. वधू-वरांपैकी एकाचे कायम राहणे ज्या धर्मग्रामात आहे, किंवा जिथे तो किंवा ती किमान महिनाभर राहत आहे, तिथे लग्न लावता येते. तिसऱ्याच गावचे देखणे चर्च हवे असेल, तर आपल्या फादरचे परवानगीपत्र लागते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचा यात नेहमी गोंधळ होतो. दिवाळीनंतर पाच-सहा महिने कारखान्यावर राहिल्याने गावचा धर्मग्राम सुटत नाही. परत यायचेच आहे, त्यामुळे कायमचे राहणे गावातच धरले जाते. चाकण-पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचे वेगळे आहे. तो काही वर्षे तिथे राहत असेल, तर तिथल्या फादरचा अविवाहित असल्याचा दाखलाही मागितला जातो.

वयाला सवलत नाही. चर्चच्या विधिसंहितेत किमान वय मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १४ असे लिहिलेले आहे, पण भारतात कोणताही धर्मगुरू देशाच्या कायद्याप्रमाणेच चालतो: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. पुरावा म्हणून जन्माचा दाखला सर्वात भक्कम. तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला. आधारवर १ जानेवारी, टीसीवर १ जून आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरीच तारीख, हे आपल्याकडे घरोघरी सापडते. तिन्हींपैकी एका तारखेने जरी मुलगी अठराच्या खाली येत असेल, तर त्या तारखेनेही ती अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा. पालकांची संमती असली तरी हे टळत नाही, आणि टळूही नये.

आता मुख्य कागद: बाप्तिस्म्याचा दाखला. घरात लॅमिनेट करून ठेवलेला लहानपणीचा दाखला चालत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडतात. दाखला गेल्या सहा महिन्यांत काढलेला हवा. कारण असे की, माणसाचे लग्न कोणत्याही कॅथोलिक चर्चमध्ये झाले तरी त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवली जाते आणि मूळ नोंदीच्या समासात शेरा पडतो. ताजा दाखला म्हणजे आजवर तसा शेरा नाही, याचा पुरावा. दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची, म्हणजे कन्फर्मेशनची) नोंदही त्याच समासात सापडते. दृढीकरण राहिले असेल तर लग्नाआधी घ्यावे, असा नियम आहे. मोठी अडचण असेल तर त्यावाचून लग्न अडत नाही.

दाखला कुठून काढायचा? बाप्तिस्मा जिथे झाला तिथूनच. वैजापूर-गंगापूर पट्ट्यात जुन्या मिशनच्या धर्मग्रामांतून पुढे नवे धर्मग्राम निघाले, पण जुन्या वह्या जुन्याच ठिकाणी राहिल्या. आज तुमच्या गावात चर्च असले तरी १९९५ची नोंद शेजारच्या मूळ चर्चमध्ये असू शकते. सून नगर भागातली असेल तर तिचा दाखला नाशिक धर्मप्रांतातून (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागातून) येईल. आपला औरंगाबाद धर्मप्रांत (१९७७ साली अमरावतीतून वेगळा झालेला) निराळा असल्याने, कागद दोन्ही बिशप हाऊसकडून जाण्याची वेळ धरून ठेवा.

वहीत नाव योहान आणि टीसीवर बबन, हा प्रकारही ठरलेलाच. त्यासाठी बाप्तिस्म्याची नोंद बदलायला सांगू नका, ती बदलली जात नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र करून जोडा. आई-वडिलांची नावे आणि जन्मवर्ष जुळत असेल तर काम होते. वही वाळवीने खाल्ली किंवा नोंद सापडतच नाही, असे झाले तर बाप्तिस्म्याला हजर असलेली एक विश्वासू व्यक्ती साक्ष देऊ शकते. सहसा गॉडपेरेंट (बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता किंवा धर्ममाता) किंवा जुने धर्मशिक्षक. मोठेपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर स्वतःच्या शपथेवरही भागते.

बाकी कागद थोडे आहेत: दोघांचे आधार, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, दोन साक्षीदारांची नावे आणि ओळखपत्रे. शिबिर दर महिन्याला असेलच असे नाही, म्हणून पहिल्याच भेटीत पुढची तारीख विचारा. साक्षीदार सज्ञान हवेत, कॅथोलिक असलेच पाहिजेत असे नाही. विधुर किंवा विधवा असल्यास जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला.

नात्यातली लग्ने मराठवाड्यात होतात, म्हणून मोजणी समजून घ्या. दोघांचा समान पूर्वज सोडून मधली माणसे मोजायची. मामाची मुलगी: मुलगा, त्याची आई, मामा, मुलगी, म्हणजे चार. चौथ्या पायरीपर्यंत लग्नाला मनाई आहे, पण या चौथ्या पायरीत बिशप सूट देऊ शकतात. लेखी अर्ज करावा लागतो आणि कारण सांगावे लागते. आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण याच पायरीवर येतात. मामा-भाची तिसऱ्या पायरीत येते, तिथे सूट मिळेल असे धरून बोलणी करू नका. सख्ख्या भावंडांना आणि आई-मुलगा, आजोबा-नात अशा सरळ रेषेत सूट कधीच नाही. गॉडफादरच्या मुलीशी लग्न चालत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे.

जोडीदार प्रोटेस्टंट असेल तर बिशपची परवानगी लागते, आणि हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असेल तर सूट. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी नसली तर लग्न नियमबाह्य ठरते. सूट नसली तर चर्चच्या दृष्टीने लग्न झालेच नाही. दोन्हींत कॅथोलिक बाजू दोन गोष्टी कबूल करते: स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळे करेन. दुसऱ्या बाजूला हे सांगितले जाते, तिच्याकडून असे वचन घेतले जात नाही. लग्नासाठी म्हणून घाईने बाप्तिस्मा घेण्याची गरज नाही. भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा, १८७२ प्रमाणे दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी लग्न लागते.

एक पेच हल्ली वाढला आहे. स्वतंत्र प्रार्थनामंडळांत झालेला बाप्तिस्मा. पाणी वापरले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला, तर तो ग्राह्य धरतात. फक्त येशूच्या नावाने दिला असेल तर ती व्यक्ती बाप्तिस्मा न झालेली समजून सूट मागितली जाते. त्यामुळे दाखल्याबरोबर त्या मंडळाच्या पाळकाकडून विधीचे शब्द लेखी घ्या.

आधी लग्न झालेले असेल तर काही लपवू नका. कोर्टाचा घटस्फोट चर्चसाठी पुरेसा नाही, धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाचा निर्णय लागतो. उलटही तितकेच खरे: न्यायाधिकरणाच्या निर्णयाने कायद्यातले लग्न सुटत नाही. दोन्ही कागद हवेत. न्यायाधिकरणाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकते, म्हणून निर्णय हातात येईपर्यंत नवी तारीख धरू नका. जे दोघे कोर्ट मॅरेज करून संसार करत आहेत आणि आता चर्चमध्ये लग्न लावू इच्छितात, त्यांना मोठा सोहळा लागत नाही. नोंदणीचा दाखला आणि बाप्तिस्म्याचे दाखले घेऊन या, फादर आणि दोन साक्षीदारांसमोर संमती होते.

कागद पुरे झाले की फादर वधू आणि वराला वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात: कुणाचा दबाव आहे का, आयुष्यभराचे बंधन मान्य आहे का, मुले हवीत का. घरच्यांनी आत येण्याचा आग्रह धरू नये. एखाद्या मुलीला आपली नाराजी बोलून दाखवायला हीच एक जागा मिळते. मग लागोपाठ तीन रविवार दोन्हीकडच्या चर्चमध्ये पुकार (ठरलेल्या लग्नाची जाहीर घोषणा) होतो आणि कुणाला हरकत असेल तर फादरना कळवता येते.

तारखेचे गणित असे. ऊसतोडीहून माणसे मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा उपवासकाळ (ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ) चालू असतो. त्या काळात शक्यतो लग्न लावत नाहीत, आणि गुड फ्रायडे व पवित्र शनिवारी तर नाहीच. उरतो ईस्टरनंतरचा काळ. तेव्हा कागद दिवाळीआधी, फड सुरू होण्यापूर्वी, जमा करा आणि वेळ सकाळचीच घ्या. १८७२च्या कायद्यात लग्नाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी आहे. बिशपचा खास परवाना असलेल्या धर्मगुरूंना तीतून सूट असली तरी वरातीच्या भरवशावर राहू नका.

लग्न लागताच वहीत वधू, वर, साक्षीदार आणि फादर सह्या करतात. सही करण्याआधी नावांची अक्षरे आधारशी पडताळून पाहा, कारण दर तीन महिन्यांनी या नोंदी निबंधकाकडे जातात आणि नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते. दाखल्याच्या दोन मूळ प्रती त्याच दिवशी मागून घ्या.